सिग्नल चांगला, तरी कॅमेरे तुटतात: दूरच्या वायरलेस लिंकमधला दोष कसा शोधायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुख्य इमारतीपासून ७०० मीटरवर गोदामाचं फाटक आहे. तिथे ४ मेगापिक्सेलचे चार आयपी कॅमेरे आणि एक पीओई स्विच (नेटवर्कच्या केबलमधूनच यंत्रांना वीज देणारा) बसवला आहे. मधल्या अंतरासाठी ५ गिगाहर्ट्झच्या दोन रेडिओंची पॉइंट-टू-पॉइंट लिंक आहे, दोन्हीकडे खांब ६ मीटरचे. रेडिओच्या पानावर सिग्नल उणे ५८ डीबीएम दिसतो (हे सिग्नलच्या शक्तीचं माप; आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार). तरीही रात्री एकेक कॅमेरा तुटतो आणि परत येतो. दुपारी कधीकधी सगळे कॅमेरे एकदम जातात, साधारण मिनिटभराने परत येतात. रेडिओ बंद करून चालू केला की काही तास बरे जातात. मोठा अँटेना लावावा का?

आत्ता तरी लावू नका. उणे ५८ हा या कामासाठी चांगला सिग्नल आहे आणि मोठ्या अँटेनाने तुमची एकही तक्रार जाईल असं वाटत नाही. वर्णन नीट वाचलं तर इथे एक नाही, तीन वेगळ्या तक्रारी आहेत: रात्री एकेक कॅमेरा जाणं, दुपारी सगळे मिळून मिनिटभर जाणं आणि रीस्टार्टने तात्पुरता आराम पडणं. तिन्हींची कारणं बहुधा वेगळी निघतील. सगळं एकाच खात्यात टाकून रेडिओ बदलला, की पैसे जातात आणि त्रास तसाच राहतो.

सुरुवात घड्याळांपासून करा. रेकॉर्डर, दोन्ही रेडिओ आणि चारही कॅमेरे एकाच एनटीपी सर्व्हरवरून (नेटवर्कवर वेळ पुरवणाऱ्या यंत्रावरून) वेळ घेतात ना, हे तपासा. बाहेरचा सर्व्हर मिळत नसेल तर बरेच रेकॉर्डर स्वतः कॅमेऱ्यांना वेळ देऊ शकतात. हे क्षुल्लक वाटेल, पण रेकॉर्डर म्हणतो २:१४ ला कॅमेरा गेला आणि रेडिओचा लॉग १९७० सालची तारीख दाखवतो, अशा अवस्थेत दोन नोंदी जुळवताच येत नाहीत आणि पुढचं सगळं अंदाजावर चालतं.

मग रेकॉर्डरच्या बाजूला एक संगणक ठेवून चार पत्त्यांना दर सेकंदाला पिंग (यंत्र उत्तर देतं का हे पाहणारा छोटा संदेश) लावा: जवळचा रेडिओ, दूरचा रेडिओ, दूरच्या स्विचला पत्ता असेल तर तो, आणि सर्वांत जास्त तुटणारा कॅमेरा. प्रत्येक उत्तराची वेळ नोंदली जाईल असं पाहा आणि हे पूर्ण २४ तास चालू द्या, म्हणजे दुपार आणि रात्र दोन्ही त्यात येतील. जवळचा रेडिओच गप्प झाला तर दोष तुमच्याच इमारतीत, त्याच्या अडॅप्टरमध्ये किंवा केबलमध्ये आहे. जवळचा बोलतो पण दूरचा नाही, तर एक तर हवेतली लिंक तुटली किंवा दूरची वीज गेली. दोन्ही रेडिओ व्यवस्थित बोलत असताना फक्त कॅमेरा गेला असेल, तर वायरलेसचा त्यात काही संबंध नाही. पुढचा वेळ फाटकावरच्या केबल आणि विजेवर घालवा.

हवेतली लिंक तुटली की दूरची वीज गेली, हे ओळखायला खांबावर चढावं लागत नाही. दूरच्या रेडिओच्या पानावर दोन वेळा असतात: यंत्र किती वेळ चालू आहे, आणि समोरच्या रेडिओशी किती वेळ जोडलेलं आहे. घटनेनंतर दोन्ही आकडे शून्यापासून सुरू झाले असतील, तर रेडिओ रीस्टार्ट झाला आहे, म्हणजे वीज किंवा वॉचडॉग (पिंगला उत्तर आलं नाही की रेडिओ आपोआप रीस्टार्ट करणारी सोय). यंत्र आठ दिवस चालू आणि जोडणी दहा मिनिटांपूर्वीची, तर दोष हवेतला. संपूर्ण तपासात इतकं स्वच्छ उत्तर देणारी दुसरी खूण नाही, आणि तीच बहुतेक जण पाहत नाहीत.

दुपारच्या तक्रारीतलं 'मिनिटभर' मला महत्त्वाचं वाटतं. ५२५० ते ५३५० आणि ५४७० ते ५७२५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यांत रडारही काम करतात. तिथे चालणाऱ्या रेडिओला रडारसारखा स्पंद ऐकू आला, की त्याला तो चॅनेल ताबडतोब सोडावा लागतो आणि पुढची ३० मिनिटं तिथे परतता येत नाही. नवा चॅनेलही याच पट्ट्यातला असेल तर प्रक्षेपण सुरू करण्याआधी ६० सेकंद नुसतं ऐकावं लागतं. या व्यवस्थेला डीएफएस म्हणतात. सगळे कॅमेरे एकदम जातात आणि साधारण मिनिटाने एकदम येतात, ही तिची ठळक खूण. रेडिओच्या लॉगमध्ये 'रडार' किंवा 'डीएफएस' असा शब्द त्या वेळेसमोर दिसला की शंका उरत नाही. खरं रडार जवळ असायलाच हवं असं नाही. शेजारच्या रेडिओचे तुटक स्पंदही रडार म्हणून मोजले जातात.

यावर उपाय म्हणजे चॅनेल 'ऑटो'वर न ठेवता डीएफएसच्या बाहेरचा, तुमच्या देशाच्या नियमांत बाहेर वापरायला परवानगी असलेला चॅनेल कायम ठरवून देणं. ५१५० ते ५२५० किंवा ५७२५ ते ५८५० मेगाहर्ट्झ हे सहसा पर्याय असतात, पण प्रत्येक देशाची शक्तीची मर्यादा वेगळी आहे. खोटा देश निवडून डीएफएस बंद करायचा सल्ला कुणी देईल. तो ऐकू नका. त्या पट्ट्यात हवामानाची रडारही असतात आणि त्यांत व्यत्यय आणणं हा गुन्हा आहे.

आता रात्रीची तक्रार. इथे मी सर्वांत जास्त वेळ देईन, कारण एकेक कॅमेरा रात्रीच जात असेल तर पहिला संशय विजेवर जातो. अंधार पडला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि त्याचा वीजवापर दिवसाच्या दीडपट ते दुप्पट होतो. दिवसा ४-५ वॅट घेणारा कॅमेरा रात्री ८-९ वॅट मागतो. चार कॅमेऱ्यांचे झाले ३६ वॅट, त्यात त्याच स्विचवरून चालणारा रेडिओ. स्विचवर चार पीओई पोर्ट आहेत म्हणजे चारही पोर्ट पूर्ण वीज देतील असं नसतं. एकूण वीज स्विचसोबतच्या अडॅप्टरवर ठरते आणि स्वस्त स्विचला ती ३०-३५ वॅटच असू शकते. एकूण मागणी वर गेली की स्विच एखादं पोर्ट बंद करतो, कॅमेरा परत सुरू होतो, दिवे लावतो, आणि पुन्हा तेच. स्विचच्या मागच्या लेबलवर एकूण पीओई वीज वाचा. रात्रीच्या बेरजेपेक्षा ती निदान २५ टक्के जास्त हवी.

दुसरा संशय केबलवर. पीओईच्या ८०२.३एएफ मानकाचं पोर्ट १५.४ वॅट देतं आणि १०० मीटर चांगल्या केबलनंतर यंत्रापर्यंत १२.९५ वॅट पोहोचण्याची हमी असते. ही हमी तांब्याच्या केबलची आहे. बाजारात कॅट-५ई म्हणून विकली जाणारी बरीच केबल तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची असते, तिचा रोध तांब्याच्या साधारण दीडपट. एक तार घेऊन ब्लेडने हलके खरवडा. आत पांढरट, चंदेरी धातू दिसला तर ती ॲल्युमिनियमची. चार-पाच वेळा वाकवल्यावर मोडते, तीही तीच. पीओईच्या कामाला ही केबल नको, भले ती नवी असो.

रेडिओ २४ व्होल्टच्या पॅसिव्ह पीओईवर (मानकाविना सरळ केबलमध्ये वीज सोडण्याच्या पद्धतीवर) असेल तर हिशोब आणखी घट्ट होतो. २४ गेजच्या तांब्याच्या एका तारेचा रोध १०० मीटरला सुमारे ८.४ ओहम असतो. ८० मीटर केबलमध्ये दोन तारा जाण्यासाठी आणि दोन येण्यासाठी धरल्या, तर एकूण रोध ६.७ ओहम. ८ वॅटच्या रेडिओला त्यात साधारण अडीच व्होल्ट गळतात, म्हणजे २१.५ व्होल्ट पोहोचतात आणि काम चालतं. तीच केबल ॲल्युमिनियमची आणि एक पिन नीट न दाबलेली असेल तर २० व्होल्टच्याही खाली जातं, आणि प्रक्षेपणाचा भार वाढला की रेडिओ स्वतःला रीस्टार्ट करतो. मोजमाप नेहमी भार जोडलेला असताना करा. नुसत्या अडॅप्टरवर मीटर लावला तर तो चोवीसच दाखवेल आणि तुमची दिशाभूल होईल. त्याच वेळी रेडिओ आणि स्विचच्या पोर्टांवर सीआरसी चुकांचा, म्हणजे वाटेत बिघडलेल्या डेटाचा, आकडा पाहा. तो तासागणिक वाढत असेल, किंवा १००० ऐवजी १००, १०० ऐवजी १० असा वेग दिसत असेल, तर कनेक्टर कापून नवा लावा. एका बाजूला वेग हाताने ठरवलेला आणि दुसऱ्या बाजूला 'ऑटो' असेल तर तेही सारखं करा. या विसंगतीत एक बाजू हाफ-डुप्लेक्सवर (एका वेळी एकाच दिशेने बोलण्यावर) जाते आणि भार वाढला की पॅकेट (डेटाचे तुकडे) गळतात.

फाटक सौरऊर्जेवर असेल तर तुटण्याची वेळ बघा. पहाटे तीन-चारच्या सुमाराला सुरू होतं आणि ऊन आल्यावर थांबतं, तर बॅटरी संपते आहे. चार कॅमेरे, स्विच आणि रेडिओ मिळून सरासरी ३५ वॅट धरले तर दिवसाला ८४० वॅट-तास लागतात. १२ व्होल्ट १०० अँपिअर-तासाच्या लेड-ॲसिड बॅटरीतून अर्धीच वीज काढावी, म्हणजे ६०० वॅट-तास. एक ढगाळ दिवसही निघत नाही.

वीज ठीक निघाली तर रात्रीचं दुसरं कारण खुद्द चित्रात आहे. कमी उजेडात सेन्सरचा गेन (अंधुक चित्र उजळ करण्याचं प्रमाण) वाढतो आणि चित्रात दाणे येतात. एन्कोडरला (चित्र दाबून लहान करणाऱ्या भागाला) प्रत्येक दाणा म्हणजे हालचाल वाटते. बिटरेट (सेकंदाला जाणारा डेटा) 'व्हेरिएबल' आणि वरची मर्यादा ढिली असेल, तर दिवसा ३ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) घेणारा कॅमेरा रात्री दुप्पट-तिप्पट घेतो. दिव्यापुढे किडे आले किंवा पाऊस लागला की आणखी. फाटकावरच्या ४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला एच.२६५ (चित्र दाबण्याची पद्धत), सेकंदाला १५ फ्रेम आणि ३ ते ४ एमबीपीएसची पक्की मर्यादा पुरते. गेनची कमाल थोडी उतरवा आणि नॉइज रिडक्शन मध्यम ठेवा. फार वाढवलं तर चालणारा माणूस पुसट होतो, नंबर प्लेट वाचता येत नाही. आय-फ्रेमचं (पूर्ण चित्र असलेल्या फ्रेमचं) अंतर ३० फ्रेम, म्हणजे दोन सेकंद ठेवा. मोबाइलवर पाहणाऱ्यांना थेट कॅमेऱ्याशी जोडू देऊ नका. प्रत्येक थेट पाहणारा लिंकवरून एक वेगळा प्रवाह खेचतो. रेकॉर्डरमार्फत पाहिलं तर लिंकवर एकच जातो.

रेकॉर्डर आणि कॅमेरा यांच्यातली आरटीएसपी (थेट चित्र मागवण्याची पद्धत) वाहतूक यूडीपीवर आहे की टीसीपीवर, तेही पाहा. यूडीपीवर हरवलेलं पॅकेट परत येत नाही, म्हणून चित्र फाटतं, राखाडी पट्टे ओढले जातात. टीसीपीवर ते परत मागवलं जातं, चित्र क्षणभर रेंगाळतं पण शाबूत राहतं. वायरलेस लिंकवर मी टीसीपीच ठेवतो.

एकेक कॅमेरा जाण्याचं आणखी एक कारण दोन मिनिटांत तपासून होतं: दोन यंत्रांना एकच आयपी पत्ता. एकाच कंपनीचे कॅमेरे बऱ्याचदा कारखान्यातून एकच पत्ता घेऊन येतात आणि बसवताना एखाद्याचा बदलायचा राहतो. संगणकाच्या एआरपी यादीत (कोणता आयपी पत्ता कोणत्या यंत्राचा, या नोंदीत) त्या पत्त्यासमोरचा मॅक (यंत्राचा स्वतःचा हार्डवेअर पत्ता) आलटून पालटून बदलत असेल तर दोष सापडला.

आता रेडिओ. तुमचे अँटेना १६ डीबीआयचे (अँटेना झोत किती एकवटतो त्याचं माप) आणि प्रक्षेपण १५ डीबीएम असेल तर कागदावर किती सिग्नल यायला हवा? मोकळ्या हवेतली घट काढायची रीत अशी: किलोमीटरमधल्या अंतराचा लॉग गुणिले २०, अधिक मेगाहर्ट्झमधल्या वारंवारतेचा लॉग गुणिले २०, अधिक ३२.४४. ७०० मीटर आणि ५८०० मेगाहर्ट्झला ही घट १०४.६ डीबी येते. १५ अधिक १६ अधिक १६ वजा १०४.६ म्हणजे उणे ५७.६. तुमचे आकडे असेच असतील तर अँटेना बरोबर रोखलेले आहेत आणि खांबावर चढायची गरज नाही. तुमचे खरे आकडे घालून हाच हिशोब करा. फरक ५-६ डीबीहून जास्त निघाला तर दिशा किंवा अडथळा तपासा. फरक १५-२० डीबी असेल तर अँटेना मुख्य झोताऐवजी बाजूच्या झोतावर रोखला गेला आहे. अशा वेळी मिलिमीटर-मिलिमीटर हलवून उपयोग नसतो, डावी-उजवीकडे मोठा फेरा घेऊन खरं शिखर शोधावं लागतं. ७०० मीटरवर एक अंशाची चूक म्हणजे १२ मीटर बाजूला. आधी आडवी दिशा, मग उभी, आणि नट आवळताना आकडा पाहत राहा, कारण आवळतानाच तो हलतो. दोन ध्रुवणांच्या (लहरीच्या दोन कंपनदिशांच्या) आकड्यांत ३ डीबीहून जास्त फरक असेल तर एका कनेक्टरमध्ये पाणी किंवा अँटेना तिरपा.

उणे ५८ हा एकाच बाजूचा आकडा असतो हे लक्षात घ्या. चित्र फाटकाकडून इमारतीकडे येतं, म्हणजे ऐकायचं काम इमारतीवरच्या रेडिओला आहे, आणि गोंगाटही तिथेच जास्त असतो, कारण आजूबाजूला वायफायची गर्दी असते. नॉइज फ्लोअर (गोंगाटाची पातळी) उणे ९५ असेल तर सिग्नल त्याच्या ३७ डीबी वर आहे, उत्तम. तोच उणे ७५ वर चढला तर हातात १७ डीबी उरतात आणि वरचे मॉड्युलेशन दर (डेटा पाठवण्याचे जलद वेग) कोसळतात. सिग्नलचा आकडा मात्र तेव्हाही उणे ५८च दाखवत राहतो. रीस्टार्टने काही तास बरं वाटणं यातूनच आलेलं असू शकतं: रेडिओ 'ऑटो'वर असेल तर सुरू होताना त्या घडीचा शांत चॅनेल धरतो, पुढे तिथे गर्दी झाली की पुन्हा रडकथा.

इमारतीच्या बाजूने स्पेक्ट्रम स्कॅन (कोणत्या वारंवारतेवर किती गोंगाट आहे याची पाहणी) करा. स्कॅन चालू असेपर्यंत लिंक बंद राहील. स्कॅन दुपारी आणि रात्री, दोन्ही वेळा घ्या. मग चॅनेलची रुंदी ८० असेल तर २० मेगाहर्ट्झवर आणा. रुंदी चौथाई झाली की नॉइज ६ डीबीने उतरतो, आणि शांत पट्टा सापडण्याची शक्यता खूप वाढते. वेग कमी होईल, होऊ द्या. २० मेगाहर्ट्झवर दोन प्रवाहांचा ८०२.११एन (वायफायचं एक मानक) रेडिओ १३० ते १४४ एमबीपीएस दाखवतो, प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळतं. तुमची गरज चार कॅमेऱ्यांची, प्रत्येकी ४ धरून, १६ एमबीपीएसची आहे. रुंद चॅनेल कॅमेऱ्यांच्या लिंकला शोभेपुरताच असतो.

प्रत्यक्ष क्षमता आयपर्फने (वेग मोजणाऱ्या प्रोग्रामने) मोजा, फाटकाकडून इमारतीच्या दिशेने, रात्री. उलट दिशेने मोजलेला आकडा इथे काहीच सांगत नाही. यूडीपीवर ३० एमबीपीएस ६० सेकंद पाठवा; गळती शून्याच्या जवळ हवी. टीसीपीवर गरजेच्या तिप्पट, म्हणजे ४५-५० एमबीपीएस मिळालं तर पुष्कळ.

रेषेतला अडथळा डोळ्यांनी दिसत नाही म्हणून नाही असं समजू नका. लहरींना समोरच्या रेषेभोवती जागा लागते, तिला फ्रेनेल झोन म्हणतात. ७०० मीटरला ५.८ गिगाहर्ट्झवर मध्यभागी तिची त्रिज्या ३ मीटर येते आणि त्यातली ६० टक्के, म्हणजे १.८ मीटर, मोकळी हवी. तुमचे खांब ६ मीटरचे. मधल्या आवारात ४ मीटर उंचीचा ट्रक उभा राहिला तर रेषेखाली जेमतेम २ मीटर उरतात, आणि जमिनीला थोडा उंचवटा असेल तर तेही नाहीत. दुपारच्या घटनांसमोर लॉगमध्ये रडार नसेल आणि सिग्नल १० डीबीने खाली आलेला दिसला, तर त्या वेळी मधे काय उभं होतं ते शोधा. खांब दीड-दोन मीटरने वाढवणं हा अशा वेळी खरा उपाय. झाडं असतील तर पालवी आल्यावर आणि पानं ओली झाल्यावर आकडे पुन्हा घ्या.

पावसाने लिंक तुटली की दोष पावसाच्या धारांना दिला जातो. ५ गिगाहर्ट्झवर ७०० मीटरला मुसळधार पावसातही जेमतेम एखादा डीबी जातो. (६० गिगाहर्ट्झच्या लिंकची गोष्ट वेगळी, तिथे पाऊस खरोखर लिंक पाडतो.) ५ गिगाहर्ट्झची लिंक पावसात जात असेल तर पाणी कनेक्टरमध्ये शिरलं आहे. केबल यंत्रात शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या म्हणजे थेंब तिथून गळतील, ग्लँडचं (केबल आत जाते त्या बंदिस्त बुचाचं) तोंड खाली ठेवा, बाहेरच्या जोडावर स्वतःशी चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा. हिरवट डाग पडलेला आरजे-४५ (नेटवर्क केबलचा कनेक्टर) पुसून वापरू नका, कापून टाका.

वॉचडॉगचं सेटिंग एकदा उघडून पाहा. इंटरनेटवरच्या एखाद्या पत्त्याला पिंग लागली नाही की रेडिओ रीस्टार्ट होईल असं ठरवलेलं असेल, तर इंटरनेट गेलं की तुमची धडधाकट लिंकही रीस्टार्ट होत राहते. पत्ता समोरच्या रेडिओचा द्या, किंवा तपास संपेपर्यंत वॉचडॉग बंद ठेवा. अंतराचं सेटिंग प्रत्यक्षापेक्षा किंचित जास्त, तुमच्यासाठी १ किलोमीटर. ते कमी पडलं तर पोचपावती वेळेत येत नाही आणि प्रत्येक पॅकेट पुन्हा पाठवलं जातं.

एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर पूर्ण २४ तासांचा पिंग लॉग घ्या. तुमच्या बाबतीत मी आधी पक्का चॅनेल आणि २० मेगाहर्ट्झ, मग बिटरेटची मर्यादा, मग स्विचची वीज आणि केबल असा क्रम ठेवेन, कारण पहिले दोन बदल खुर्चीवर बसून होतात.

हे सगळं होईपर्यंत फाटकावरचं रेकॉर्डिंग हातचं जाऊ नये, म्हणून आजच प्रत्येक कॅमेऱ्यात सतत लिहिण्यासाठी बनवलेलं मेमरी कार्ड घाला. ३ एमबीपीएसला दिवसाला सुमारे ३२ जीबी लागतात, म्हणजे १२८ जीबीच्या कार्डावर साडेतीन दिवसांहून थोडं जास्त राहतं. लिंक परत आल्यावर कार्डावरून रेकॉर्डरमधली पोकळी भरून काढायची सोय दोन्हींत असेल तर ती चालू करा, आणि खरंच चालते का ते बघायला इमारतीच्या बाजूने रेडिओची केबल दहा मिनिटं काढून ठेवा. केबल परत लावल्यावर तासाभरात ती दहा मिनिटं रेकॉर्डरच्या पट्टीवर दिसायला हवीत. दिसली नाहीत तर आधी कॅमेरा आणि रेकॉर्डरचं फर्मवेअर तपासा, आणि तोपर्यंत कार्डावरचं रेकॉर्डिंग हाताने उतरवून घ्या.